कोडची गाठ आणि टोकनाचा घोळ

अख्खा कोडबेस, म्हणजे एखाद्या प्रोग्रामच्या सगळ्या फाइली, एकाच मजकूर-फाइलीत बांधून एआय मॉडेलपुढे ठेवणारी कमांड-लाइन साधनं आता आमच्या तालुक्यातल्या डिप्लोमाच्या पोरांनाही ठाऊक झाली आहेत. एक आज्ञा दिली की फोल्डर वाचलं जातं. बहुतेकांत वर फोल्डरचा आराखडा येतो, खाली प्रत्येक फाइलीचं नाव आणि तिचा मजकूर, आणि शेवटी टोकनांचा आकडा. रिपोमिक्स, कोडटूप्रॉम्प्ट, फाइल्स-टू-प्रॉम्प्ट, गिटइन्जेस्ट ही त्यातली रुळलेली नावं. ती कशी चालवायची ते इथे सांगत बसत नाही. ती कुठल्या अडचणीतून आली, आणि त्यांच्या शेवटच्या ओळीतला 'टोकन' हा शब्द कापूसपट्ट्यात तीन-तीनदा का उलगडून सांगावा लागतो, तेवढंच मांडतो.

कल्पना जुनीच आहे. १९८० च्या दशकात यूजनेट या तेव्हाच्या चर्चा-जाळ्यावर प्रोग्राम वाटले जात, तेव्हा ते 'शार' नावाच्या गाठोड्यात यायचे. अनेक फाइली एकाच साध्या मजकुरात बांधलेल्या असत आणि तो मजकूर शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामात, चालवला की फाइली पुन्हा सुट्या होत. तेव्हाच्या टपालाला साधा मजकूरच पचायचा, आणि तोही फार लांब चालायचा नाही, म्हणून मोठ्या प्रोग्रामचे 'भाग १', 'भाग २' पाडून पाठवत. 'टार' नावाचं गाठोडं त्याआधीचं, १९७९ च्या युनिक्समधलं, पण ती गाठ यंत्रानं सोडायची. शारची गाठ माणसाला वाचता यायची, किंबहुना वाचावीच लागायची, कारण आत कोणी फाइली पुसायची आज्ञा दडवली असेल तर तीही निमूटपणे चालायची. आज परक्याच्या कोडमधल्या टिपणीत 'आधीच्या सूचना विसर' असं लिहून मॉडेलला चकवतात, तो याच जातीचा प्रकार. मधली वर्षं इथे सोडून देतो. कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं गिट २००५ मध्ये आलं, एवढं ध्यानात असलं की पुरे.

खरी गोष्ट सुरू होते ती नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी, चॅटजीपीटी लोकांना खुलं झालं तेव्हा. इकडे कापसाचा हंगाम ऐन भरात होता. मी एका जिनिंगच्या वजन-पावतीचा प्रोग्राम सांभाळत होतो, पीएचपीत लिहिलेला, कार्यालयातल्या एकाच पीसीवर चालणारा. चॅटजीपीटीच्या मॉडेलची कॉन्टेक्स्ट विंडो, म्हणजे एका वेळी त्याच्या नजरेत मावेल तेवढ्या मजकुराची खिडकी, साधारण ४,००० टोकनांची होती. प्रश्न, कोड आणि उत्तर, सगळं त्यातच बसवायचं. एक फाइल चिकटवली, दुसरी चिकटवली, तिसरीला पहिलीचा विसर पडलेला. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. मग ज्याच्या त्याच्याकडे एक घरगुती स्क्रिप्ट तयार झाली, दहा-पंधरा ओळींची. फोल्डरमधल्या फाइली एकामागे एक जोडायच्या आणि मध्ये फाइलीचं नाव छापायचं. या साधनांचा खरा पूर्वज तीच स्क्रिप्ट, आणि तिला कुठे नाव नाही.

पुढचं वर्ष झपाट्याचं गेलं. मार्च २०२३ मध्ये ८,००० आणि ३२,००० टोकनांच्या खिडक्या आल्या, मे महिन्यात एका कंपनीनं १ लाखाची जाहीर केली, नोव्हेंबरात १.२८ लाख आणि २ लाख, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १० लाखांची घोषणा झाली. नावानिशी ओळखली जाणारी साधनं २०२४ मध्येच एकापाठोपाठ एक का आली, याचं उत्तर या आकड्यांत आहे. हातानं चिकटवायला जड जाईल एवढी जागा आता मॉडेलकडे होती, पण सगळंच्या सगळं डोळे मिटून ओतावं एवढी ती नव्हती. काय बांधायचं आणि काय वगळायचं हे ठरवणारं काहीतरी मध्ये हवं होतं. त्यातच २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं की लांब मजकुराच्या सुरुवातीची आणि शेवटची माहिती मॉडेलं बरी वापरतात, मधली हरवते. म्हणजे जागा मिळाली म्हणून भरताड भरलं तर कामाची फाइल नेमकी मधल्या ढिगात गाडली जायची. जिनिंगवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. सरकी काढल्याशिवाय तिथे गाठ बांधतच नाहीत.

आता तो शब्द.

आमच्याकडे टोकन म्हणजे रांगेतला नंबर. २०१७ च्या उन्हाळ्यात तूर खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिवसेंदिवस उभे होते, तेव्हापासून तर हा शब्द शेतकऱ्याच्या कपाळावरच कोरला गेला. जिनिंगच्या फाटकावरही तोच. म्हणून साधनानं पहिल्यांदा 'एकूण टोकन' म्हणून पन्नास हजारांवरचा आकडा दाखवला, तेव्हा शेजारी बसलेले दिवाणजी चमकले. "काय सांगता भाऊ, एवढे टोकन? एवढ्या गाड्या तं दसऱ्यापासून होळीपर्यंत बी नाई येत!"

मॉडेलचं टोकन म्हणजे मजकुराचा तुकडा. कंपायलर लिहिणारे हा शब्द फार आधीपासून वापरतात, पण त्यांचे तुकडे भाषेच्या व्याकरणानं पडतात. मॉडेलचे तुकडे पडतात ते वारंवारतेनं. त्यामागची युक्ती १९९४ मध्ये फाइली दाबून लहान करण्यासाठी प्रसिद्ध झाली होती: जी दोन चिन्हं सगळ्यात जास्त वेळा शेजारी येतात, त्यांचं एक चिन्ह करायचं, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहायचं. २०१५-१६ च्या सुमारास ती यंत्र-भाषांतरात शिरली आणि तिथून मोठ्या भाषा-मॉडेलांत. ज्या भाषेचा मजकूर मॉडेलच्या शिकवणीत भरपूर, तिचे तुकडे मोठे आणि म्हणून मोजके. ज्या भाषेचा थोडा, तिचा भुगा.

मराठीचा भुगाच व्हायचा. 'शेतकरी' या शब्दात मात्रा-वेलांट्या धरून सहा चिन्हं आहेत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे झाले १८. रोमन लिपीतल्या 'फार्मर'चीही सहाच अक्षरं, पण बाइटही सहाच. त्यावर तुकडे पाडण्याची ती पद्धत. मे २०२४ मध्ये एका कंपनीनं नवी तुकडे-पद्धत आणली, तेव्हा तिनंच नमुन्यादाखल दिलेलं मराठी वाक्य जुन्या पद्धतीनं ९६ टोकनांचं होतं, ते ३३ वर आलं. त्याच मजकुराचं इंग्रजी २७ वरून २४ वर. सुधारणा मोठीच आहे, नाकारत नाही. पण त्याआधीची दीड वर्षं मराठीत टिपण्या लिहिणाऱ्यानं त्याच खिडकीत तिपटीहून जास्त जागा मोजली, आणि 'कोडमध्ये टिपण्या इंग्रजीतच लिहाव्यात' हा सल्ला त्याला त्याच दिवसांत नव्यानं ऐकवला गेला. मला तो तेव्हाही पटला नव्हता. पावतीवरच्या 'कट्टी' आणि 'हमाली' यांचा हिशेब इंग्रजी टिपणीत समजावायचा तरी कोणाला?

जुना कोड असेल तर आणखी गंमत. युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं मराठी हे आतून रोमन अक्षरांचा चिवडा असतं. पडद्यावर 'आडत' दिसतं, फाइलीत भलतंच काही. साधन तो चिवडा इमानेइतबारे गाठीत बांधतं, टोकनं मोजतं, आणि मॉडेल त्याला खराब झालेली फाइल समजतं.

मोजणीतही एकवाक्यता नाही. साधनात मोजणीची एकच पद्धत मुळात ठरवून दिलेली असते, बहुधा एकाच कंपनीच्या खुल्या लायब्ररीची. तीच गाठ दुसऱ्या कंपनीच्या मॉडेलपुढे टाकली की आकडा हलतो. गावातल्या काट्यावरचं वजन आणि जिनिंगच्या काट्यावरचं वजन यांत फरक का पडतो, हा वाद ज्यांनी घातला आहे त्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

टोकनाचा तिसरा अर्थ सगळ्यात महागात पडणारा: एखाद्या सेवेत शिरण्याची गुप्त किल्ली. म्हणजे जे साधन टोकन मोजतं, त्यालाच टोकन गाठीबाहेरही ठेवायचं असतं, आणि दोन्ही ठिकाणी शब्द एकच. इथे साधनकर्त्यांनी घेतलेला एक निर्णय मला अजून खुपतो. बहुतेकांनी ठरवलं की डॉट-गिटइग्नोर या फाइलीत ज्यांची नावं आहेत त्या फाइली आपोआप वगळायच्या. तर्क सरळ आहे. जे गिटमध्ये जायला नको ते मॉडेलकडेही जायला नको, आणि ती यादी प्रोग्रामरनं आधीच करून ठेवलेली असते. बाहेरून आणलेल्या मॉड्यूलांचे अजस्र फोल्डर त्यामुळे गाठीत येत नाहीत, टोकनं वाचतात. मोठ्या शहरातल्या कंपनीसाठी हा निर्णय योग्यच म्हणायला हवा.

पण त्यात गृहीत धरलं आहे की गिट आहे. आमच्याकडचा कितीतरी कोड अजून पेनड्राइव्हवर नांदतो, 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-दिवाळीनंतर' अशा फोल्डरांत. जिथे गिटच नाही तिथे वगळायची यादी कुठून येणार? मीही असंच एक फोल्डर बांधून चॅटच्या खिडकीत चिकटवलं. शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजनाचा एसएमएस जातो, त्या सेवेची किल्ली सेटिंगच्या फाइलीत उघडी पडली होती. उत्तरात मॉडेलनंच सांगितलं की इथे किल्ली दिसते आहे, ती बदला. नवी किल्ली हातात येईपर्यंत दोन दिवस एसएमएस बंद, आणि फाटकावर प्रत्येक जण विचारतोय, "वजनाचा मेसेज काऊन नाई आला?" चूक माझीच होती. काही साधनं गाठ बांधताना किल्ल्यांची तपासणी करतात, पण ती ओळखीच्या साच्यांची. लहानशा एसएमएस सेवेची किल्ली तिच्या नजरेत भरेलच असं नाही. माझ्या मते गिट नसलेल्या फोल्डरवर या साधनांनी आधी फाइलींची यादी दाखवून 'बांधू का?' असं विचारायला हवं होतं. उलट बाजूचे म्हणतात की दर वेळी विचारणारं साधन स्क्रिप्टमध्ये वापरता येत नाही, आणि तेही खोटं नाही.

नंतरच्या सुधारणा थोडक्यात. २०२३ मध्येच कोडसाठीच्या एका सहायक साधनानं पूर्ण फाइलींऐवजी फंक्शनांच्या नुसत्या सह्या, म्हणजे नाव आणि त्याला काय द्यायचं ती ओळ, काढून रेपोचा, म्हणजे अख्ख्या कोडच्या फोल्डरचा, नकाशा मॉडेलला द्यायला सुरुवात केली होती. गाठ बांधणाऱ्या साधनांपैकी काहींनी पुढे तोच मार्ग धरला. आत काय आहे ते गाळायचं, सांगाडा ठेवायचा. टोकनं घटतात, पण चूक जर फंक्शनच्या पोटात असेल तर सांगाड्याचा काही उपयोग नाही.

२०२५ पासून एआय एजंट सर्रास झाले. ते स्वतःच फोल्डरमध्ये शिरतात, शोधतात, हवी ती फाइल उघडतात. गाठ बांधायचं काम आता संपलं, असं तेव्हापासून म्हटलं जातं. ज्यांची लाइन अखंड चालते आणि महिन्याचं भाडं भरायला जमतं, त्यांच्यापुरतं ते खरं असेल. इथे रेंज सकाळी सहा ते आठ बरी असते. रात्री गाठ बांधून ठेवायची, सकाळी फुकटच्या खिडकीत चिकटवायची आणि उत्तर घेऊन जिनिंगवर जायचं, हा क्रम अजून चालू आहे.

तो प्रोग्राम मागच्या हंगामात एकदाचा गिटमध्ये टाकला. त्याच्या डॉट-गिटइग्नोरमध्ये सध्या तीन ओळी आहेत: किल्लीची फाइल, जुन्या फॉण्टमधल्या पावत्यांचा फोल्डर, आणि 'फायनल-दिवाळीनंतर'.