डिस्प्ले गेला म्हणून मीटर फेकू नका

इंदूरच्या देवास नाक्यावर पिकअपवाल्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलीय: डॅशबोर्डचा डिस्प्ले गेला की चिप जळाली, अख्खा मीटर बदला. पण डिस्प्ले सकाळी गायब आणि गाडी तापली की हजर, किंवा खड्ड्यात आपटल्यावर क्षणभर उजळत असेल, तर चिपवर आळ घेऊ नका. जळालेली चिप धक्क्याने जिवंत होत नाही. हादरे आणि तापणं-गार होणं यांनी बहुधा कनेक्टरच्या पिनांपाशी सोल्डर (पिना बोर्डाला जोडणारा वितळवलेला धातू) तडकलेलं असतं. भिंगातून पाहा, पिनेभोवती केसाएवढं काळं कडं दिसेल.

आधी फ्यूज आणि अर्थिंग बघा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून (एअरबॅग असेल तर काही मिनिटं थांबून) मीटर उतरवा, फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं रसायन) लावून तो सांधा पुन्हा वितळवा. ६०-४० सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळतं, शिसं नसलेलं २१७ च्या वर. जास्त वेळ सोल्डरिंगची इस्त्री टेकवलीत तर बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते, मग बसा वायर ओढत.

भंगारातला मीटर स्वस्त पडतो खरा, पण बऱ्याच मॉडेलांत किलोमीटरचा आकडा मीटरच्याच मेमरीत असतो. म्हणजे दुसऱ्याच गाडीचे किलोमीटर तुमच्या माथी, आणि विकताना गिऱ्हाईकाला काय सांगणार?