चेहऱ्याच्या ट्यूबमागचा इतिहास: रेटिनॉइड आणि ‘क’ जीवनसत्त्व

मराठवाड्यात मुरुमांचे डाग घेऊन कुणी मेडिकलवर गेलं, की अनेकदा हाती पडते ती ‘गोरं करणारी’ ट्यूब. तिच्यात तीन औषधं एकत्र असतात: डाग फिके करणारं हायड्रोक्विनोन, ‘अ’ जीवनसत्त्वापासूनचं म्हणजे रेटिनॉइड गटातलं ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड. पहिल्या पंधरवड्यात लाली बसते, चेहरा उजळतो. त्यात मोठा वाटा स्टेरॉइडचा. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, उन्हात आग होते, लव वाढते आणि ट्यूब बंद केली की मुरुम उसळून येतात. २०१८ साली त्वचेवर लावायची अशी अनेक स्टेरॉइडं अनुसूची ‘एच’मध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. या सगळ्यात बदनाम झालं ते ट्रेटिनॉइन, आणि त्याची खरी गोष्ट त्यामुळे झाकली गेली.

‘अ’ जीवनसत्त्व अपुरं पडलं की रातांधळेपणा येतो, तशीच त्वचा खरखरीत होते आणि केसांची छिद्रं बुजतात. मुरुमही छिद्र बुजूनच होतो. म्हणून १९४० च्या दशकात मुरुमांसाठी ‘अ’ जीवनसत्त्व पोटातून देऊन पाहिलं गेलं. पण गुण यायला लागणारी मात्रा यकृताला झेपणारी नव्हती. मग त्याचं आम्लरूप, म्हणजे ट्रेटिनॉइन, वरून लावायचा मार्ग निघाला. १९६९ मध्ये अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन, फुल्टन आणि प्लेविग यांनी मुरुमांवरचे परिणाम प्रसिद्ध केले, १९७१ मध्ये औषधाला मान्यता मिळाली. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग केले होते, हेही या इतिहासात लिहिलंच पाहिजे.

सुरकुत्यांचा शोध लागला तो औषध वापरणाऱ्या बायकांमुळे. मुरुमांसाठी ट्यूब लावणाऱ्या मध्यमवयीन स्त्रिया बारीक रेषा कमी झाल्याचं सांगू लागल्या. १९८६ मध्ये क्लिगमन यांनी उन्हाने जून झालेल्या त्वचेवरचा अभ्यास छापला, १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या चाचणीने त्याला दुजोरा दिला.

सुरुवातीच्या काळात त्वचा लाल होऊन सोलली जाणं हा उपचाराचाच भाग समजत. ती समजूत १९९५ मध्ये ढासळली: ०.०२५ टक्के आणि ०.१ टक्के मलमांची ४८ आठवडे तुलना केली, तेव्हा गुण जवळपास सारखाच आला, जळजळ मात्र सौम्य मलमाने खूपच कमी झाली. आपल्याकडे अजूनही ‘आग झाली म्हणजे औषध लागू पडलं’ असं म्हणत रोज थापलं जातं. त्याने गुण वाढत नाही, सावळ्या कातडीवर जळजळीचे नवे काळे डाग तेवढे पडतात.

म्हणून रात्री, धुतलेला चेहरा वीस मिनिटं कोरडा होऊ देऊन, अख्ख्या चेहऱ्याला मिळून हरभऱ्याएवढंच ०.०२५ टक्के मलम लावावं. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एक दिवसाआड. डोळ्यांच्या कडा, नाकाच्या घड्या आणि ओठांचे कोपरे सोडावेत, वरून साधं मॉइश्चरायझर. सोलणं चार-सहा आठवडे चालतं, मुरुमांना साधारण तीन महिने लागतात, रेषांना सहा. वॅक्सिंगच्या आधी आठवडाभर बंद ठेवावं, नाहीतर मेणाबरोबर कातडीही निघते. गरोदरपणात नाहीच. मुरुमांसाठीचं बेंझॉइल पेरॉक्साइड ट्रेटिनॉइनवर थापू नये, त्याने ते निकामी होऊ शकतं. त्याच गटातलं अडापालीन मात्र टिकतं.

मराठवाड्यात ट्रेटिनॉइनचा आरंभ श्रावणात करणं आम्हाला सर्वात सोयीचं वाटतं. हवा ओलसर असते, आभाळ असतं, आणि चैत्राचं ऊन यायच्या आत त्वचा सरावते. सनस्क्रीन एसपीएफ ३० ची, दोन बोटं भरून, दर दोन-तीन तासांनी. स्कूटीवरचा स्कार्फ चांगला, पण तो तिची जागा घेत नाही.

‘क’ जीवनसत्त्वाचा रस्ता वेगळा, पण एका वळणावर दोन्ही भेटले. १९३७ चं रसायनशास्त्राचं नोबेल ‘क’ जीवनसत्त्वासाठी हॉवर्थ यांना आणि ‘अ’साठी कारर यांना विभागून मिळालं, त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल मिळालेल्या सेंट-ज्यॉर्जी यांनी हंगेरीत ‘क’ ढिगाने काढलं होतं ते लाल मिरचीतून. त्वचेवर लावण्यासाठी त्याचं गणित बसवलं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या शेल्डन पिनेल यांनी: पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ३.५ च्या खाली हवा, आणि २० टक्क्यांपुढे त्वचा जास्त घेत नाही. २००५ मध्ये त्यांच्या गटाने १५ टक्के ‘क’ आणि १ टक्का ‘ई’ यांत ०.५ टक्के फेरुलिक आम्ल घातलं, तेव्हा उन्हापासूनचं संरक्षण दुप्पट झालं.

‘क’चं सीरम सकाळी, सनस्क्रीनखाली. उघडलेली बाटली उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा. सीरम चहासारखं तपकिरी झालं की फेकून द्या. लिंबू चेहऱ्यावर चोळू नका: सालीतली फ्युरोकुमारिन नावाची रसायनं ऊन लागताच कातडी भाजतात, आणि ते डाग महिनोन्‌महिने राहतात.

दोन्हींनी काळसर डाग फिके होतात, ट्रेटिनॉइनने उथळ खड्डे थोडे भरतात. सुईने टोचल्यासारखे अरुंद, खोल खड्डे ट्यूबने भरत नाहीत. त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे टीसीए क्रॉससारखा उपचार (खड्ड्याच्या तळाशी तीव्र आम्लाचा थेंब) लागतो, तोही चालू मुरुम शांत झाल्यावर.