फाइल समोर आहे, तरी बॅश म्हणतो नाही

पणजीतल्या एका मित्राचा मेसेज आला, बॅशमध्ये बग सापडलाय, कुठे कळवू? (बॅश म्हणजे एक शेल, टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम.) शिगमोचे फोटो हलवायची एक ओळ घरच्या मॅकवर टाइप केली तर मस्त चालते आणि ऑफिसातल्या लिनक्सवर तीच ओळ ‘शिगमो नावाची फाइल नाही’ म्हणून बोंबलते. तिथल्या सर्व्हरला लिंबू-मिरची आधीच टांगलेली, म्हणजे तोही उपाय करून झालेला!

फाइलचं नाव ‘शिगमो पणजी.जेपीजी’. मधली स्पेस बघा. कमांड होती: एमव्ही $फ /बॅकअप, म्हणजे $फ या व्हेरिएबलमध्ये ठेवलेल्या नावाची फाइल /बॅकअपमध्ये हलव. आता शेल ही ओळ जशीच्या तशी एमव्हीकडे देत नाही, आधी $फ च्या जागी नाव भरतो, मग भरलेल्या मजकुराचे स्पेस, टॅब किंवा नवी ओळ दिसेल तिथे तुकडे करतो (कुठे तोडायचं ते आयएफएस नावाच्या व्हेरिएबलमध्ये असतं), मग तुकड्यांत * (म्हणजे काहीही) किंवा ? (म्हणजे कुठलंही एक अक्षर) असेल तर जुळणाऱ्या फाइली शोधतो आणि एवढं सगळं झाल्यावर एमव्हीला हाक मारतो. बिचाऱ्या एमव्हीला दोन वेगळ्या फाइली सांगितल्यासारखं वाटतं. हा क्रम भारी आहे आणि धोक्याचाही, कारण नावात सुटा * असला आणि एमव्हीऐवजी आरएम (फाइल पुसणारी कमांड) असलं तर फोल्डरमधल्या बाकीच्या फाइलीही साफ.

$फ ला डबल कोट घातले की तोडणं आणि * शोधणं दोन्ही थांबतं. सिंगल कोट नकोत, त्यात $फ भरलाच जात नाही. सेट -एक्स लावलं की चालवण्याआधी प्रत्येक ओळ + लावून दिसते, तिथे तुकडे झालेले डोळ्यांनी दिसतात.

मग मॅकवर कसं चाललं? 2019 च्या कॅटालिनापासून मॅकचा डिफॉल्ट शेल झेडशेल आहे आणि तो असे तुकडे करतच नाही. बॅशची सवय 1979 च्या बॉर्न शेलपासूनची, म्हणजे नियमच तसा.

खरे बगही असतात हां. 2014 चा शेलशॉक, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधल्या (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंगमधल्या) फंक्शनच्या मागे चिकटवलेली कमांड बॅश निमूट चालवायचा, आणि ही चूक 1989 पासून आत होती. तसं काही सापडलं तर बॅशबग कमांड चालवा, व्हर्जन आणि मशीनची माहिती ती स्वतः भरते, काय झालं आणि ते परत कसं घडवायचं ते तुम्ही लिहायचं. पण त्याआधी बॅश --नोआरसी लावून बघा (म्हणजे आपली सेटिंगची फाइल न वाचता बॅश सुरू होतो), पुष्कळदा आपणच कधीतरी लिहून विसरलेला एखादा एलियास, म्हणजे कमांडला दिलेलं टोपणनाव, निघतो.