हायकोर्टातून युनिव्हर्सिटीत: काशिनाथ त्र्यंबक तेलंग

मुंबईत ओव्हल मैदानावर उभं राहिलं की एका रांगेत हायकोर्ट आणि युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर दिसतात, मध्ये चालत दोन मिनिटं. पण आपल्या माणसाला तिथल्या कुलगुरूच्या खुर्चीपर्यंत पोचायला ३५ वर्षं लागली. युनिव्हर्सिटी १८५७ ची, कुलपती म्हणजे मुंबईचा गव्हर्नर (आज राज्यपाल असतात तसंच), आणि त्याच्या खालोखाल कुलगुरू, तिथेही सगळे गोरेच, कोणी जज तर कोणी मिशनरी. १८९२ ला पहिल्यांदा भारतीय कुलगुरू झाला, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, जेमतेम बेचाळिशीतला मुंबईकर, एल्फिन्स्टन कॉलेजचा आणि ह्याच युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी.

पेशाने वकील, १८७२ पासून हायकोर्टात, आणि हिंदू कायद्याच्या केसमध्ये मूळ संस्कृत ग्रंथ स्वतः वाचून बोलणारा, हीच त्यांची खरी ताकद होती असं मला वाटतं. वेबर नावाच्या जर्मन पंडिताने म्हटलं होतं की रामायणावर होमर ह्या ग्रीक महाकवीची छाप आहे, तर तेलंगांनी १८७३ मध्ये, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते इंग्रजीत मुद्द्यामुद्द्याने खोडून काढलं. आरडाओरडा नाही, अगदी कोर्टात पुरावा तपासावा तसं. पुढे १८८२ ला त्यांचं गीतेचं इंग्रजी भाषांतर मॅक्समुल्लर ह्या संस्कृत पंडिताच्या ग्रंथमालेत आलं, त्याच वर्षी शिक्षणाच्या हंटर कमिशनवर घेतलं, १८८५ ला मुंबईत काँग्रेस उभी राहिली त्यातही पुढे होते आणि १८८९ ला हायकोर्टाचे जज. वकिली करता करता हे सगळं कधी केलं असेल कोण जाणे!

एक गोष्ट मात्र मनाला लागते. संमतीवयाच्या कायद्याच्या (मुलींशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय वाढवणाऱ्या, लग्न झालेलं असलं तरीही) बाजूने उभा राहिलेला हा माणूस, पण घरच्यांच्या दबावापुढे स्वतःच्या मुलीचं लग्न लहानपणीच लावून दिलं, तेव्हा टीकाही भरपूर झाली आणि माझ्या मते ती बरोबरच होती. त्यांचं काम मोठं आहे म्हणून हे लपवायचं कशाला.

कुलगुरूपद फार दिवस लाभलं नाही. १ सप्टेंबर १८९३ ला गेले, त्रेचाळीस नुकतीच पूर्ण झाली होती. हायकोर्टातली त्यांची जागा न्यायमूर्ती रानड्यांना मिळाली.