रिंगणातले डाव रस्त्यावर चालतात का?

ब्लॅक बेल्टवाला पोरगा पार्किंगच्या भांडणात मार खाऊन आला, की ओळखीतले सगळे एकच निकाल देतात: ते सगळं क्लासपुरतं असतं. उलट कान मोडलेला एखादा पैलवान नुसता पुढे येऊन उभा राहिला, तरी चढलेले आवाज आपोआप खाली येतात. दोन्ही खरंच घडतं. म्हणून कोण कुठला खेळ शिकला यापेक्षा त्याचा सराव कसा झाला, हे आधी विचारावं.

जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. जुजुत्सू या जपानी झुंजकलेच्या जुन्या घराण्यांत सांधे निखळवणारे, मर्मावर घाव घालणारे डाव होते. असे डाव रोज पूर्ण जोरानं करायचे, तर सरावाला जोडीदार उरणार नाहीत. त्यामुळे ते ठरलेल्या क्रमानं, समोरच्याच्या संमतीनंच घोटले जायचे. कानोंनी घातक भाग ‘काता’पुरता, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावापुरता ठेवला आणि उरलेल्या फेकी-पकडींसाठी ‘रांदोरी’वर, म्हणजे मोकळ्या झटापटीवर भर दिला. तिथे समोरचा मनापासून विरोध करतो. त्याचा तोल कधी ढळतो हे हातांना कळू लागतं, आणि फसलेल्या डावातून दुसरा डाव काढायची सवय लागते. आपल्या तालमीतही वस्ताद पट काढायला शिकवतो खरा, पण पट अंगात मुरतो तो लढतीतच. ‘आमचे डाव इतके जीवघेणे, की सराव करताच येत नाही’ असं सांगणाऱ्या क्लासवर माझा म्हणूनच विश्वास बसत नाही.

12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी ही वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना आपसात भिडवणारी स्पर्धा पहिल्यांदा झाली. वजनगट नव्हते. सुमारे ऐंशी किलोच्या रॉइस ग्रेसीनं एका रात्रीत तिघांना शरण आणलं. त्याची ब्राझिलियन जिउ-जित्सू ही कोदोकानच्याच परंपरेतून निघालेली शाखा. स्पर्धा भरवणाऱ्यांत ग्रेसी घराण्यातलेच लोक होते, हेही विसरू नये. शिवाय प्रतिस्पर्धी एका वेळी एकच होता आणि चाकू कुणाकडेच नव्हता.

भीतीचं काय? अॅड्रेनलिन वाढलं की छाती धडधडते, लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं आणि बोटांची नाजूक कामं बिघडतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 66 पोलिसांना अटकेची आणि बचावाची तंत्रं कमी व जास्त दडपणाखाली करायला लावली. त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. दडपण वाढल्यावर सगळ्याच गटांची कामगिरी घसरली, क्राव मागा ही इस्रायली स्वसंरक्षणाची पद्धत किंवा कराटे-जुजुत्सू शिकलेल्यांचीसुद्धा. तरीही जास्त दडपणाखाली ते नवख्यांपेक्षा सरस ठरले. गंमत म्हणजे इतर खेळ खेळलेले पोलिसही सरस ठरले. म्हणजे सगळं श्रेय डावांना देता येत नाही.

शरीर शिकतं ते शिकलेल्या परिस्थितीसकट. खाशाबा जाधव मातीत तयार झालेले. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅट आणि तिथले नियम त्यांना नवखे होते. ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. कुस्तीतून कुस्तीत जाताना एवढा फरक पडतो, तर मॅटवरून डांबरावर जाताना किती पडेल?

मुठीचंच बघा. क्वीन्सबेरी नियमांनी 1867 साली मुष्टियुद्धात हातमोजे आणले. मोजे आणि आतल्या पट्ट्या मारणाऱ्याचा हात वाचवतात, म्हणून बॉक्सर बिनधास्त डोक्यावर ठोसे मारतो. रस्त्यावर ना मोजे ना पट्ट्या, आणि कपाळाचं हाड तर जाडजूड. करंगळीच्या मुळाशी, तळहातात जे लांबट हाड असतं, ते अशा वेळी मोडतं. डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. नाव बॉक्सरचं असलं, तरी रागात भिंतीला गुद्दे मारणारे न शिकलेले लोकच या दुखण्यानं जास्त येतात. शिकलेला बॉक्सर तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांनी मारतो.

जिउ-जित्सूवाल्याची अडचण वेगळी. पाठीवर पडून लढायची त्याची सवय, आणि इथे समोरच्याचा मित्र लाथ घालायला मोकळा. चाकू निघाला तर कुठल्याही बेल्टच्या भरवशावर थांबू नये, पळावं.

रिंगमध्ये घंटा होते, इथे बोलता बोलता पहिला फटका बसतो. तयारीत असलेल्या माणसालाही दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. हातभर अंतरावरून येणारा ठोसा तेवढी सवड देत नाही. मुरलेला बॉक्सर मूठ दिसायची वाट बघत नाही, तो खांदा आणि कंबर वाचतो, मुख्य म्हणजे अंतर राखतो. माझ्या मते रस्त्यावर खेळातली सर्वांत कामाला येणारी गोष्ट हीच, अंतराची जाण.

जीव मात्र बहुतेकदा ठोशापेक्षा रस्त्यावर आपटलेल्या डोक्यामुळे जातो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं 2014 साली अशा एका ठोशानं होणाऱ्या मृत्यूंसाठी वेगळा कायदा केला. ठोशानं शुद्ध हरपली तर पडण्याचं तंत्र कामाचं नाही. शुद्धीत असलेला ज्युदोका मात्र हनुवटी छातीला लावून, अंग गोल करून पडतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात अनुभवी ज्युदोका या पद्धतीनं कुशीवर पडले, तेव्हा खुब्यावरचा आघात पाव भागाहून जास्त घटला. तिथल्याच नाइमेखेन शहरातल्या संशोधकांनी वृद्धांना पडण्यापासून जपण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमात हीच तंत्रं शिकवली.