सॅक्रामेंटो–सॅन वाकीन त्रिभुज प्रदेश : पाणीवाटप आणि सॅमन

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सुमारे ३,००० चौ. किमी. क्षेत्राचा, खाड्या, बांध आणि बेटांनी भरलेला सखल प्रदेश. उत्तरेकडून येणारी सॅक्रामेंटो आणि दक्षिणेकडून येणारी सॅन वाकीन या नद्या येथे एकत्र येतात आणि सुइसून व सॅन फ्रान्सिस्को उपसागरांतून गोल्डन गेटपाशी पॅसिफिक महासागराला मिळतात. राज्याच्या सुमारे ४० टक्के भूभागाचे पाणी या एकाच वाटेने जाते. बहुतेक त्रिभुज प्रदेश समुद्राकडे फाकत जातात. हा आत रुंद आहे आणि समुद्राच्या बाजूला डोंगरांमधल्या अरुंद वाटेने संपतो, त्यामुळे नदीचे गोडे पाणी आणि भरतीचे खारे पाणी यांची गाठ त्याच्या पोटातच पडते.

येथील पाण्यावर अडीच कोटींहून अधिक लोक आणि सुमारे ३० लाख एकर शेती पूर्णतः किंवा अंशतः अवलंबून आहे. चिनूक सॅमन माशाची समुद्रातून नदीत चढण्याची आणि त्याच्या पिल्लांची समुद्राकडे उतरण्याची वाटही हीच. सरकारी धोरणे या दोन गरजांचा ‘समतोल’ साधण्याची भाषा करतात. प्रत्यक्षात कोरड्या वर्षांची सर्वांत जड तूट आजवर माशांनी सोसली आहे. पाणी किती सोडले एवढ्यावरून ही तूट कळत नाही. ते कोणत्या महिन्यात सोडले, किती थंड होते आणि कोणत्या दिशेने वाहिले, यावर सॅमनचे जगणे ठरते.

प्रदेशाची घडण : एकोणिसाव्या शतकापर्यंत येथे लव्हाळ्यांनी भरलेली दलदल होती. १८४९ नंतर सोन्यासाठी आलेल्यांनी पाण्याच्या फवाऱ्यांनी डोंगर फोडले आणि तो गाळ नद्यांत भरला. १८८४ च्या न्यायालयीन निकालाने हा उद्योग आवरला. दरम्यान दलदलीभोवती बांध घालून शेती सुरू झाली होती. सुरुवातीचे बांध मुख्यतः चिनी मजुरांच्या कष्टातून उभे राहिले. आज बांधांची एकूण लांबी १,७०० किमी.हून अधिक आहे आणि मूळ पाणथळ जमिनीपैकी तीन-चार टक्केच उरली आहे. निचरा केलेली सेंद्रिय माती हवेशी संयोग पावून खचत गेली, त्यामुळे काही बेटे समुद्रसपाटीच्या सात मीटरपर्यंत खाली गेली आहेत. बांध फुटला की बेट पाण्याने भरते आणि समुद्राचे खारे पाणी आत ओढले जाते. जून २००४ मध्ये जोन्स ट्रॅक्ट येथे असा बांध कोरड्या हवामानात फुटला होता.

सॅमन आणि थंड पाणी : चिनूक नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी जन्मनदीत परततो. अंडी घातल्यावर तो मरतो. मादी वाहत्या पाण्यात तळाच्या खडीत शेपटीने खळगा करून अंडी पुरते. पाणी साधारण १३ अंश सेल्सिअसच्या वर तापले की अंडी दगावू लागतात. नदीत शिरण्याच्या हंगामावरून येथे शरद, उत्तर-शरद, हिवाळी आणि वसंती असे चार गट मानतात. पूर्वी वर्षाला दहा ते वीस लाख चिनूक या खोऱ्यात परतत असावेत, असा अंदाज आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा सॅमन डबाबंद करण्याचा पहिला कारखाना १८६४ मध्ये सॅक्रामेंटो नदीवरच निघाला.

यातला हिवाळी सॅमन जगात दुसरीकडे कोठेही नाही. तो हिवाळ्यात नदीत येतो, पण अंडी ऐन उन्हाळ्यात घालतो. पूर्वी हे त्याला साधत असे, कारण तो मॅक्लाउडसारख्या, झऱ्यांच्या पाण्यामुळे उन्हाळ्यातही गार राहणाऱ्या नद्यांपर्यंत चढत असे. १९४५ मध्ये पूर्ण झालेल्या शास्ता धरणाने ती वाट बंद केली. धरणाची उंची १८३ मी. आणि साठवण सुमारे १९८ टीएमसी, म्हणजे कोयनेच्या जवळपास दुप्पट आहे. तेव्हापासून हा मासा धरणाखाली, रेडिंग शहराजवळ अंडी घालतो. तेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो. जलाशयाच्या तळातून सोडलेल्या थंड पाण्यावरच ती अंडी तगतात.

खरा पेच येथे आहे. शेतीला पाणी वसंतापासून लागते. ते आधीच मोकळ्या हाताने सोडले, तर ऑगस्ट–सप्टेंबरपर्यंत तळातला थंड साठा संपतो. वेगवेगळ्या खोलीवरून पाणी उचलणारी यंत्रणा १९९७ मध्ये धरणाला बसवली गेली, पण साठाच नसेल तर यंत्रणा काय करणार? २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात पाणी तापले आणि दोन्ही वर्षी हिवाळी सॅमनची ९५ टक्क्यांच्या आसपास अंडी आणि नवजात पिल्ले मेली. हा मासा बहुधा तिसऱ्या वर्षी परततो, म्हणून अशी लागोपाठची दोन वर्षे तीनपैकी दोन पिढ्या उद्ध्वस्त करतात. १९६९ मध्ये लाखाहून अधिक हिवाळी सॅमन परतले होते. १९९१ मध्ये दोनशेच्या आसपासच आले. १९९४ पासून केंद्रीय कायद्यानुसार तो संकटग्रस्त आहे.

उपसा आणि उलटे प्रवाह : पाणी उत्तरेत आणि मागणी दक्षिणेत, ही कॅलिफोर्नियाची मूळ अडचण. तीवर उपाय म्हणून केंद्राचा सेंट्रल व्हॅली प्रकल्प आणि १९६० मध्ये मतदारांनी मंजूर केलेला राज्य जलप्रकल्प उभे राहिले. दोन्ही प्रकल्पांचे प्रचंड पंप त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, ट्रेसी शहराजवळ आहेत. पंप जोरात चालतात तेव्हा ओल्ड आणि मिडल हे सॅन वाकीनचे फाटे समुद्राऐवजी पंपांकडे, म्हणजे उलटे वाहतात. प्रवाहाचा माग धरणारी पिल्ले त्यांच्याबरोबर भरकटतात. पंपांपाशी जाळ्या लावून मासे वेचतात आणि टँकरमधून पश्चिमेकडे नेऊन सोडतात. या मोजणीचे आकडे रोज प्रसिद्ध होतात, पण तिथवर पोहोचण्याआधीच मोठ्या माशांच्या तोंडी गेलेली पिल्ले त्यांत नसतात. म्हणून संवेदनशील महिन्यांत उलट्या प्रवाहावर मर्यादा घालतात. ५,००० क्युसेक हा त्यातला नेहमी वादात येणारा आकडा आहे.

खाली सोडलेल्या गोड्या पाण्याबद्दल ‘ते समुद्रात वाया जाते’ असे राजकीय सभांतून हमखास ऐकू येते. महाराष्ट्रातही पश्चिमवाहिनी नद्यांबाबत हाच युक्तिवाद होतो. कॅलिफोर्नियात तरी तो टिकत नाही. कोरड्या वर्षांत या पाण्याचा मोठा भाग खारे पाणी पंपांपासून आणि बेटांवरच्या शेतीपासून दूर ठेवण्यातच खर्च होतो. तो सोडला नाही तर दक्षिणेला खारट पाणी मिळेल. २०१५ आणि २०२१ मध्ये पाणी इतके कमी पडले की खारेपणा रोखायला एका खाडीत दगडांचा तात्पुरता बांध घालावा लागला. सौम्य खाऱ्या पाण्याची सीमा गोल्डन गेटपासून किती किमी. आत आहे, हे मोजून विसर्ग ठरवण्याची पद्धत १९९५ च्या जलगुणवत्ता आराखड्याने रूढ केली. बोटभर लांबीचा डेल्टा स्मेल्ट मासा याच सीमेच्या आसपास राहतो. तो १९९३ पासून संरक्षित असूनही २०१८ पासून शरदातल्या मुख्य सर्वेक्षणात वर्षानुवर्षे एकही सापडला नाही.

कायदा आणि वाद : १९९२ च्या केंद्रीय कायद्याने सेंट्रल व्हॅली प्रकल्पातील वर्षाला ८ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ३५ टीएमसी पाणी मासे आणि वन्यजीवांसाठी राखले. राज्याच्या २००९ च्या कायद्याने भरवशाचा पाणीपुरवठा आणि परिसंस्थेचे संवर्धन ही सहसमान उद्दिष्टे ठरवली. दोन्ही कायद्यांचा हेतू चांगला असला तरी रोजचे पंप किती चालवायचे, हे ठरते ते संकटग्रस्त प्रजातींवर केंद्राच्या वन्यजीव संस्था देत असलेल्या अभिमतांनी, आणि ती २००८–०९, २०१९ व २०२४ अशी सरकारांबरोबर पालटत गेली. त्यांवरून खटलेही झाले. त्रिभुज प्रदेशाला वळसा घालून पाणी नेणारा कालवा १९८२ च्या सार्वमतात फेटाळला गेला. आता तोच विचार सुमारे ७० किमी. लांबीच्या बोगद्याच्या रूपात पुढे आला असून राज्याने त्याला २०२३ मध्ये मंजुरी दिली. पाणी उत्तरेतच उचलल्यास दक्षिणेतले उलटे प्रवाह कमी होतील, असे समर्थक म्हणतात. खालच्या प्रवाहाला मग किती पाणी उरेल, हा विरोधकांचा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे.

शेतकऱ्यांची बाजूही हलकी नाही. कनिष्ठ, म्हणजे टंचाईत आधी कापले जाणारे जलहक्क असलेल्या दक्षिणेकडील जिल्ह्यांना २०१४, २०१५ आणि २०२२ मध्ये केंद्राच्या प्रकल्पातून शेतीसाठी शून्य टक्के पाणी मिळाले. मग विंधनविहिरींवर भार पडला, जमीन खचली, शेतमजुरांच्या वस्त्यांतील विहिरी आटल्या. बदामाच्या बागा एखादे वर्ष पडीक ठेवता येत नाहीत, त्यामुळे मागणी लवचीक राहिलेली नाही. जगातील सुमारे ८० टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात आणि भारत त्यांचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक आहे. सिलिकॉन व्हॅलीत, जिथे मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात, नळाच्या पाण्याचा मोठा भाग याच प्रदेशातून येतो.

मासेमारी : किनाऱ्यावरची सॅमनची मासेमारी मुख्यतः शरद सॅमनवर चालते. २००२ मध्ये सॅक्रामेंटो खोऱ्यात असे साडेसात लाखांहून अधिक मासे परतले, २००९ मध्ये ४० हजारांच्या आसपास. २००८ आणि २००९ मध्ये मासेमारी बंद ठेवावी लागली. तेव्हाच्या पडझडीचे तात्कालिक कारण समुद्रातील अन्नटंचाई हे होते. पण मत्स्यबीज केंद्रांत वाढलेल्या एकसारख्या माशांवर सारी भिस्त ठेवल्याने तो धक्का झेलण्याची ताकद आधीच संपली होती. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षे व्यावसायिक मासेमारी पुन्हा बंद राहिली. फोर्ट ब्रॅग किंवा बोडेगा बेसारख्या बंदरांतल्या मच्छीमारांना पाणीवाटपाच्या बैठकीत मत नसते, पण त्या निर्णयांची किंमत ते तीन वर्षांनी मोजतात.

पुनरुज्जीवन : सगळीकडे नुसती पीछेहाट नाही. सॅक्रामेंटोचे पुराचे पाणी वळवणाऱ्या योलो बायपासमध्ये हिवाळ्यात भातखाचरे पाण्याखाली ठेवून पाहिली, तेव्हा तेथील सूक्ष्म जिवांवर सॅमनची पिल्ले नदीपेक्षा कितीतरी वेगाने वाढली. बट क्रीकवर १९९० च्या दशकात लहान बंधारे काढल्यावर वसंती सॅमन मोठ्या संख्येने परतले. फ्रायन्ट धरणामुळे सॅन वाकीन नदीचा सुमारे १०० किमी.चा पट्टा कोरडा पडला होता. तेथे २००६ च्या समझोत्यानंतर पुन्हा पाणी सोडले जाऊ लागले. उत्तरेकडच्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत पाडली गेली आणि त्याच शरदात सॅमन त्यांच्या जागा ओलांडून वर गेले.

शास्ता पाडण्याचा विचार कोणी करत नाही. तरीही मॅक्लाउड नदीकाठच्या विन्नेमेम विंटू या आदिवासी समाजाने हा मासा आपला नातलग मानून त्याच्या परतीचा आग्रह कधी सोडला नाही. २०२२ मध्ये शासकीय संस्था आणि या समाजाने मिळून हिवाळी सॅमनची अंडी मॅक्लाउडच्या पाण्यात नेली. तेथे निघालेली पिल्ले धरण ओलांडू शकत नाहीत, म्हणून ती वरच सापळ्यांत पकडली आणि वाहनाने खाली आणून सॅक्रामेंटोत सोडली.