वायरी लावून झोपायचं कसं? मुलाच्या स्लीप स्टडीची तयारी

मूल रोज रात्री घोरतं, तोंड उघडं टाकून झोपतं, मध्येच श्वास अडखळतो आणि दचकून कूस बदलतं, तेव्हा डॉक्टर स्लीप स्टडी करायला सांगतात, म्हणजे तपासणी केंद्रात एक रात्र झोपवून मुलाच्या झोपेची आणि श्वासाची नोंद घ्यायला. तिचं वैद्यकीय नाव पॉलिसोम्नोग्राफी. पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या वायरी अंगावर घेऊन हे झोपणार कसं? बहुतेक मुलं झोपतात. दिवसभर खेळून दमलेलं मूल नेहमीच्या वेळेला आडवं झालं की वायरींसकट झोपतं. अडतं ते त्याआधीच्या तासाभरात, वायरी लावून घेताना. तो तास कसा जाईल हे बरंचसं घरीच ठरतं.

आधी काय काय लावतात ते बघू. सुरुवात बहुधा पायांपासून होते. दोन्ही नडग्यांच्या बाजूच्या स्नायूंवर स्टिकर, छातीवर ईसीजीचे स्टिकर, छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक ताणला जाणारा पट्टा, हाताच्या किंवा पायाच्या बोटाला लाल दिव्याचा ऑक्सिमीटर. मग हनुवटी, डोळ्यांच्या कडा आणि डोक्यावर सहा-आठ ठिकाणी छोट्या वाटीसारखे इलेक्ट्रोड. नाकापाशी काय लावायचं ते सगळ्यात शेवटी. हा क्रम मुद्दाम ठेवलेला असतो. पायाला हात लावलेला मुलांना चालतो, चेहऱ्याला लावलेला खपत नाही. सगळं लावायला पाऊण ते एक तास लागतो. कुठेही सुई नाही, आणि एकही वायर शरीरात वीज सोडत नाही. सगळ्या वायरी शरीराकडून येणारे संकेत फक्त टिपतात. "शॉक बसेल का?" असं मोठी मुलं हमखास विचारतात, म्हणून हे आधीच सांगून टाकावं.

डोक्याचं काम जरा जवळून बघण्यासारखं आहे. तंत्रज्ञ टेप घेऊन डोकं मोजतात, रंगीत पेन्सिलीने टाळूवर खुणा करतात आणि प्रत्येक खुणेवर केस बाजूला सारून, कापसाच्या काडीवर घेतलेल्या खरखरीत पेस्टने त्वचा घासतात. मग पांढऱ्या चिकट पेस्टने भरलेली इलेक्ट्रोडची वाटी तिथे दाबून वर कापसाचा किंवा चिकटपट्टीचा तुकडा लावतात. मुलांना सर्वांत न आवडणारा भाग हाच. घासायचं कारण असं, की टाळूवर पोचणाऱ्या मेंदूच्या लहरी साधारण काही दहा मायक्रोव्होल्टच्या असतात. साध्या पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टपुढे हे हजारो पटींनी क्षीण. मृत त्वचेचा आणि तेलाचा पातळ थरसुद्धा त्यांना अडवतो. हा अडथळा 5 किलोओहमच्या खाली आणायचा असतो. म्हणून त्या दिवशी केस शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवायचे. तेल, जेल, कंडिशनर काही नको. अंगाला आणि चेहऱ्याला क्रीम नको, कारण स्टिकर सुटतात. नेलपॉलिश काढायची, कारण ऑक्सिमीटर बोटातून आरपार जाणाऱ्या लाल आणि अवरक्त प्रकाशावरून ऑक्सिजन मोजतो आणि गडद रंग त्या प्रकाशाच्या आड येतो. घट्ट वेण्या असतील तर त्या सोडूनच जायचं.

आता नाक. इथे दोन गोष्टी लागतात. एक मऊ प्लॅस्टिकची नळी, जिची दोन टोकं नाकपुड्यांत जेमतेम शिरतात आणि श्वासाचा दाब मोजतात. दुसरा थर्मिस्टर, नाकातोंडासमोर बसणारा छोटा सेन्सर, जो हवेच्या तापमानातल्या फरकावरून श्वास ओळखतो. ॲडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या बाजूची ग्रंथी, वाढलेलं मूल तोंडाने श्वास घेतं, तेव्हा नळीला काही कळत नाही; थर्मिस्टरला कळतं. म्हणून दोन्ही हवीत. बऱ्याच ठिकाणी याच नळीतून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडही मोजतात. काही ठिकाणी त्यासाठी त्वचेवर किंचित गरम होणारा सेन्सर लावतात. तो 41 ते 44 अंश सेल्सिअसवर चालतो, त्यामुळे काही तासांनी त्याची जागा बदलतात आणि सकाळी तिथे लाल गोल दिसतो. तो गोल एक-दोन दिवसांत जातो.

नळी ओढून काढली की नुकसान किती होतं, हे एका हिशोबावरून लक्षात येईल. मोठ्या माणसात श्वास 10 सेकंद थांबला तरच तो ॲप्निया धरतात. मुलात दोन श्वास हुकले इतका काळ पुरतो. मिनिटाला 20 श्वास घेणाऱ्या मुलात हा काळ फक्त 6 सेकंदांचा. मोठ्यांमध्ये तासाला 5 पर्यंत अडथळे चालवून घेतात, मुलात तासाला 1 झाला तरी तो दखल घेण्याजोगा. इतक्या बारीक घटना शोधायच्या असताना अर्धा तास श्वासाचा आलेखच नसला, तर निकाल गुळमुळीत होतो. त्यातून मुलांमधले अडथळ्याचे श्वास मुख्यतः रेम झोपेत, म्हणजे स्वप्नांच्या झोपेत गोळा होतात, आणि रेमचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात असतो. पहाटे चार वाजता "आता पुरे, घरी जाऊ" म्हणणं म्हणूनच महागात पडतं. जाता जाता: रेम झोपेचा शोधही एका मुलाला वायरी लावूनच लागला. युजीन ॲसेरिन्स्की या शिकागोतल्या संशोधकाने 1951 साली आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ इलेक्ट्रोड लावून रात्रभर नोंद घेतली. तो निबंध 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगितली तर वायरींकडे बघायची त्याची नजर बदलते.

घरचा सराव आठवडाभर आधी सुरू करावा. कागदी चिकटपट्टीचा तुकडा गालावर लावून पाच मिनिटं कार्टून बघू द्यायचं, दुसऱ्या दिवशी दोन तुकडे आणि वीस मिनिटं. काढताना हिसका द्यायचा नाही. ओल्या कापसाने कडा भिजवून हळूच सोडवायची, नाहीतर मुलाला तेवढंच लक्षात राहतं. मऊ टूथब्रशने टाळूवर चार-पाच जागी गोल घासायचं, म्हणजे पेस्टचा स्पर्श ओळखीचा होतो. पोटावर सैल इलास्टिक बांधून इकडेतिकडे फिरू द्यायचं. केंद्राकडे नाकाच्या नळीचा नमुना मागून बघावा, पुष्कळदा मिळतो. आधी बाहुलीला, मग आईला किंवा बाबाला, मग मुलाला. हे सगळं मूल जागं असताना आणि नजरेसमोर. झोपताना गळ्याभोवती दोरी-नळी काहीही राहू द्यायचं नाही.

केव्हा सांगायचं, हे वयावर. दोन-तीन वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी, चार ते सहाच्या मुलाला एक-दोन दिवस आधी, त्याहून मोठ्याला आठवडाभर आधी. आणि खरं सांगायचं. "काहीच करणार नाहीत" हे वाक्य पहिल्या स्टिकरलाच खोटं ठरतं आणि मग तुमच्या पुढच्या कुठल्याच शब्दावर भरवसा उरत नाही. "डोकं थोडं घासतील, खरखरीत लागेल. नाकात नळी गुदगुल्या करेल. टोचणार कुणी नाही. मी रात्रभर इथेच आहे." एवढं पुरतं. निवड द्यायची ती खरोखर शक्य असेल तिथेच: उजव्या पायापासून की डाव्या? कोणतं बोट? "नळी लावायची का?" असं विचारायचंच नाही, कारण उत्तर "नको" येणार. स्पर्श, आवाज सहन न होणाऱ्या मुलांसाठी, विशेषतः स्वमग्नता असेल तर, आधी एकदा दिवसा खोली बघून यावी आणि टप्प्यांची चित्रं क्रमाने दाखवावीत. अशा मुलांना नाकाची नळी झोप लागल्यावर लावता येते का, हे तंत्रज्ञांना आधीच विचारून ठेवावं.

तपासणीला हवी असते मुलाची नेहमीची रात्र. त्यामुळे "जागवून दमव, म्हणजे पटकन झोपेल" हा सल्ला ऐकू नका. जागरण झालेल्या मुलाची झोप जास्त गाढ लागते, श्वास अडला तरी ते सहज जागं होत नाही, आणि आलेख त्याच्या रोजच्या झोपेचा राहत नाही. दुपारी रोज झोपणाऱ्या लहानग्याला झोपू द्यावं. ती सवय सुटलेल्या मुलाला मात्र गाडीत डुलकी लागू देऊ नये. दुपारनंतर चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. नेहमीची औषधं डॉक्टरांनी थांबवायला सांगितली नसतील तर नेहमीच्या वेळी द्यायची आणि त्यांची यादी सोबत न्यायची. झोप यावी म्हणून स्वतःहून काही देऊ नये. सर्दी-खोकल्याच्या काही सिरपांनीही गुंगी येते, तेव्हा दिलं असेल तर तसं सांगायचं. आणि खरी सर्दी किंवा ताप असेल तर फोन करून तारीख बदलून घ्यावी. चोंदलेल्या नाकाने घेतलेला आलेख सर्दीचा होतो, मुलाचा होत नाही.

कपडे दोन भागांचे, समोरून बटणं असलेले. अंगभर एकसंध रात्रीचा पोशाख नको, त्यातून पायाच्या वायरी बाहेर काढता येत नाहीत. रोजची उशी, पांघरूण, खेळणं, बाळ असेल तर त्याची बाटली, जास्तीचे कपडे आणि लागत असेल तर डायपर बरोबर घ्या. रात्री शू लागली तर सगळं सोडावं लागत नाही: सगळ्या वायरी एका छोट्या डब्यात जोडलेल्या असतात, तो काढून मुलाबरोबर नेता येतो. पण वायरी लावायच्या आधी एकदा जाऊन आलेलं बरं.

सोबत एकच पालक, तोही शक्यतो वेगळ्या अंथरुणावर. शेजारी झोपलात तर तुमच्या हालचाली पट्ट्यांच्या नोंदीत उतरतात, आणि तुम्ही घोरत असाल तर तेही मायक्रोफोन इमानाने नोंदवतो. फोन शांत ठेवा. खोली थोडी गार वाटली तरी अंगावर पांघरुणांचा ढीग घालू नका: घाम आला की मेंदूच्या आलेखात संथ डोलणाऱ्या रेषा येतात आणि त्या गाढ झोपेच्या लहरींसारख्या दिसतात. रात्री दार उघडून तंत्रज्ञ आत आले तर घाबरायचं कारण नाही. बहुधा पट्टा सरकलेला असतो, नळीत शेंबूड अडकलेला असतो किंवा बोटाचा सेन्सर निघालेला असतो. दिवे बंद असले तरी अवरक्त कॅमेऱ्यातून त्यांना सगळं दिसत असतं. मूल झोपेत नळीकडे हात नेऊ लागलं तर हात हळूच धरून खाली ठेवा, उठवू नका.

सकाळी वायरी काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. "कसं आलं?" या प्रश्नाला तंत्रज्ञ उत्तर देत नाहीत, कारण त्या वेळी उत्तर तयारच नसतं. आलेख 30 सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. आठ तासांचे असे 960 तुकडे होतात आणि प्रत्येकात झोपेचा टप्पा, श्वास, ऑक्सिजन, हालचाल तपासायची असते. तुम्ही मात्र त्यांना एक गोष्ट नक्की सांगा: ही रात्र घरच्या रात्रीसारखी होती, बरी होती की वाईट. अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांना ती नोंद लागते. घरी गेल्यावर केसांतली पेस्ट कोमट पाण्याने भिजवा, भरपूर कंडिशनर लावून पाच मिनिटं ठेवा, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे सोडवत या. कोरडी ओढली तर केस तुटतात आणि मूल रडतं. कलोडियन नावाचा गोंद वापरला असेल तर तो पाण्याने निघत नाही; तो विरघळवणारं द्रव्य केंद्रातच असतं, म्हणून तिथून निघण्यापूर्वी टाळू बोटांनी चाचपून बघा.